दोरीला ‘सोड’, लाईनीला ‘चार्ज’

रोह्याला आमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं. दुपारी बाबा घरी जेवायला गेले की गल्ल्यावर मी बसायची, आणि वायरमन लोक नेमके तेव्हाच यायचे. भर उन्हात खांबावर कोण चढणार? ‘बाय, तीन-बावीसचं लाल बंडल एक दे. सात-वीस किती मीटर निघतंय बघ. किटकॅट दोन, पंधराचे. बॅटन होल्डर सहा, सिलिंगरोज चार, गिट्टीचं पाकीट आणि काळी टेप.’ सगळं एका दमात. शाळेत तेव्हा आम्हाला ‘वितळतार’ शिकवत होते. मी पेपरात वितळतार लिहायची आणि दुकानात फ्यूज वायर विकायची. या दोघींची एकमेकींशी सोयरीक असेल अशी शंका ना कधी बाईंना आली, ना वायरमनला.

तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा एकत्र पिळलेल्या, सात-वीस म्हणजे वीस गेजच्या सात. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे उलटं गणित आधी डोक्यात बसवावं लागतं. कंपन्या कधीच्या बंडलावर दीड आणि अडीच स्क्वेअर एमएम छापू लागल्या होत्या. हाताखालचा पोरगा ‘दीडची’ मागायचा, त्याचा उस्ताद ‘तीन-बावीस’ मागायचा. जुन्या नावाला कोणता नवा माल द्यायचा हे बाबांना पाठ होतं. दुरुस्त करून सांगायच्या भानगडीत ते पडत नसत. ‘गिऱ्हाईक म्हणेल ते नाव’ हे त्यांचं धोरण.

चिठ्ठ्या येत त्या तर बघण्यासारख्या. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर, सिमेंटच्या गोणीच्या तुकड्यावर, एकदा तर नुसत्या प्लायच्या फळकुटावर पेन्सिलीने यादी. ‘कंडीसर २, जक्शन १२, बेंड २०, फॅनबॉक्स ३, शिलिंगरोज.’ कंडेन्सर हा शब्द दोन मिस्त्रींनी सारखा लिहिलेला मी पाहिला नाही, पण माल कधी चुकीचा गेला नाही. बाबा त्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवत, हिशेबासाठी. फळकूट मात्र बरेच दिवस गल्ल्याला टेकून उभं होतं.

या भाषेतली नामं बहुतेक इंग्रजी. कुणाला त्याचा कमीपणा वाटतो, मला वाटत नाही. कारण क्रियापदं सगळी आपली, आणि खरी गंमत क्रियापदांत. लाईट येते, जाते, येऊन-जाऊन असते. बल्ब उडतो, फ्यूज उडतो, एमसीबी मात्र पडते. खांबावरचा डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, तोही पडतो. इन्सुलेटर पंक्चर होतो. तारांना झोळ येतो. झंपर तुटतो, म्हणजे खांबावर एका तारेवरून दुसरीकडे नेलेला जोडतुकडा तुटतो. माझी आजी ब्लाउजला झंपर म्हणायची, त्यामुळे ‘खांबावरचा झंपर तुटलाय’ हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा ऐकलं गेलं तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. कॉन्टॅक्टर चिकटतो, वाइंडिंग जळतं, रेग्युलेटर तापतो, तार मेलेली असते नाहीतर जिवंत. आणि फ्रीज मारतो. ‘दादा, आमचा फ्रीज मारतो हो’ असा फोन आला की वायरमनला पुढचं काही विचारावं लागत नाही. आतली गळती पत्र्यापर्यंत आली आहे आणि अर्थिंग कुठेतरी तुटलेली आहे, हे निदान त्या तीन शब्दांत झालेलं असतं.

मारणं आणि पकडणं यांत ही मंडळी काटेकोर फरक करतात. आमच्या दुकानात येणारे एक वयस्क वायरमनकाका म्हणायचे, ‘मारलं तर वाचलास, पकडलं तर देवच.’ त्यामागे शरीरशास्त्र आहे. आपल्याकडची वीज एका सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. ती हातातून वाहू लागली की स्नायू आखडतात आणि मूठ वळवणारे स्नायू मूठ उघडणाऱ्यांपेक्षा जोरदार असतात. म्हणजे ज्या तारेला हात लागला तीच तार हात आवळून धरतो. म्हणून जुने लोक संशयित पत्र्याला उलट्या हाताने, बोटांच्या पाठीने स्पर्श करायचे. हात आखडला तर तो तारेपासून दूर ओढला जावा, एवढाच हेतू. हा प्रयोग घरी करू नका, टेस्टर स्वस्त मिळतो. पण काका टेस्टरवरही विश्वास ठेवत नसत. त्यातला छोटा निऑन दिवा इतक्या थोड्या करंटवर लागतो, की शेजारून गेलेल्या वायरच्या नुसत्या सावलीनेही तो मिणमिणतो. ‘हा खोटं बोलतो,’ असं म्हणून ते पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब काढायचे. बल्ब लागला तर खरं.

शब्द दुकानातून बाहेर पडले ते थेट माणसांना चिकटले. उशिरा समजणाऱ्याला ट्यूबलाईट, अचानक सुचलं तर ट्यूब पेटली, चिडला तर फ्यूज उडाला, अंगात उत्साह नाही तर करंट नाही, आणि हल्ली ‘जास्त लोड घेऊ नकोस’. ट्यूबलाईट या शिवीचे दिवस मात्र भरले आहेत. स्टार्टर तडतडायचा, चोक जोराचा धक्का द्यायचा, नळीची टोकं आधी लालसर व्हायची आणि मग दोन-तीनदा लुकलुकून एकदाची ट्यूब लागायची. एवढं सगळं डोळ्यांदेखत घडत होतं म्हणून ती शिवी लागत होती. एलईडीची पट्टी बटण दाबताच लागते. माझ्या भाच्याला मी ट्यूबलाईट म्हटलं तर त्याला ती शाबासकीच वाटली.

पुढे मी सून म्हणून पेणला आले, आणि आमच्या घराला लागूनच गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात मांडणीवर ओळीने बसलेले गणपती आणि त्यांच्यामधून अंग चोरून फिरणारी माणसं. जून लागला की रात्र आणि दिवस यांतला फरक संपतो. पेणपासून हमरापूर-जोह्यापर्यंत अशा शेडमधून एकाच वेळी कंप्रेसर धडधडत असतात, रंगाच्या गनना हवा पुरवत. एवढे कंप्रेसर एकदम उठले की दिवे मान टाकतात. त्यातल्या त्यात डोळ्यांच्या आखणीला बसलेला कारागीर अशा वेळी फार वैतागतो, कारण आखणीला उजेड हलून चालत नाही. एका रात्री वायरमनला बोलावलं. त्याने मीटरपेटी उघडली, टेस्ट लॅम्प इकडे-तिकडे लावून पाहिला आणि हाताखालच्या पोराला ओरडून सांगितलं, ‘लाल भरलाय रे! याला पिवळ्यावर टाक!’ शेडच्या त्या टोकाला पितांबर रंगवणाऱ्या मुलाने घाबरून ब्रश उचलला. त्याच्या हातात पिवळाच होता.

तीन फेजना लाल, पिवळा, निळा अशी नावं आहेत, आणि डीपीवर सगळ्यांचा भार एकाच फेजवर आला की तिथला दाब उतरतो. मग थोडी घरं, थोडे कारखाने दुसऱ्या फेजवर टाकायचे. इतकी ही साधी गोष्ट. डीपी हाही असाच एक शब्द. वर्तमानपत्रात ‘रोहित्रात बिघाड’ येतं, गावात डीपी जळते. वीज मंडळाचे तुकडे होऊन २००५ च्या जूनमध्ये महावितरण आली, तरी आमच्या आळीत अजून ‘एमएसईबीत तक्रार केली का?’ असंच विचारतात. लाईनमनला कंपनीने ‘जनमित्र’ असं छान नाव दिलं. त्याच्या शर्टावर ते असेलही, हाक मात्र ‘वायरमन’ अशीच येते.

अर्थिंग हा शब्द मला पेणला आल्यावर नव्याने कळला. रोह्याच्या डोंगराकडच्या गावांत अर्थिंगचा खड्डा खणायचा म्हणजे कातळाशी झटापट. मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी ओता, तरी ‘अर्थ मिळत नाही’ ही तक्रार कायम. पेणच्या खारपाटात उलट. जमिनीतच मीठ, वर भरतीची ओल. तिथे सळई घातली की अर्थ मिळालाच. पण तीच खारी माती ती सळई खाऊन टाकते. वरून तार दिसते, घट्ट बसलेली, आणि खाली काहीच उरलेलं नसतं. ‘नावाची अर्थिंग’ हा वाक्प्रचार मी खारपाटातल्या एका मिस्त्रीकडून ऐकला. हवाही तशीच. मिठागरांवरून येणारा वारा खांबावरच्या चिनी मातीवर थर बसवतो, उन्हाने ती तापलेली असते, त्यावर मृगाची पहिली सर येते. काही इन्सुलेटर तडकतात, काहींवरच्या ओल्या मिठातून करंट वाट काढतो. म्हणून पहिल्या पावसात लाईट जाते. लोक म्हणतात, चार थेंब पडले नाहीत तोच घालवली. कुणी घालवत नाही हो, ती जाते.

रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपन्यांची एमआयडीसी आहे. माझा तोच भाचा आयटीआय करून तिथे लागला, आणि त्याची भाषा आणखी वेगळी निघाली. घरगुती वायरमन ‘बघतो जरा’ म्हणून हात घालतो. यांच्याकडे आधी परमिट, मग पॅनलला कुलूप, कुलपाला नावाची पाटी. सॉल्व्हंटच्या वाफा असतात तिथे साधं बटणसुद्धा चालत नाही, फ्लेमप्रूफ लागतं. ठिणगी पेटीच्या आत राहिली पाहिजे. त्यांचं आवडतं क्रियापद म्हणजे ‘मेगर मारणं’. मेगर हे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. पावसाळ्यात मोटरी ओल धरतात आणि आकडा पडतो. मग मोटर उघडून तिच्या पोटात दोनशेचा बल्ब लावून ठेवायचा, रात्रभर. सकाळी पुन्हा मेगर. साथीला कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी ओडिशाचा, त्यामुळे ‘भाई, मेगर कितना आया?’ आणि ‘अरे, आला आला!’ हे एकाच संभाषणात. बाबांच्या दुकानातले शब्द तिथे निम्मेसुद्धा उरलेले नाहीत. पण ‘कॉन्टॅक्टर चिकटला’ ऐकलं आणि मला बरं वाटलं.

आता ‘सोडणं’. रोह्याचा या शब्दाशी जुना संबंध आहे. आमच्या कुंडलिकेला भर मे महिन्यात पाणी असतं ते भिऱ्याच्या पॉवरहाऊसमुळे. मुळशीला अडवलेलं पाणी टाटांनी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणलं आणि १९२७ साली भिऱ्याला वीज काढली. वीज मुंबईला गेली, वापरलेलं पाणी कुंडलिकेत आलं. त्या धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, हे भिऱ्याचं नाव निघालं की आठवलंच पाहिजे. आज कोलाडला राफ्टिंगची मंडळी सकाळी काठावर बसून एकच प्रश्न विचारतात, ‘पाणी सोडलं का?’ आणि नदीकाठच्या गावात लाईट गेलेली असली की तोच प्रश्न, ‘लाईट सोडली का?’ पाण्याला आणि विजेला एकच क्रियापद, आणि दोन्ही सोडणारा हात दूर कुठेतरी.

वर उल्लेख केलेल्या वायरमनकाकांना मात्र हे क्रियापद विजेसाठी अजिबात खपत नसे. बोर्डातली सगळी नोकरी त्यांनी खांबावर काढलेली. वर माणूस, खाली हेल्पर, मधे दोरी. दोरीने सामान वर जातं, तार ओढली जाते. वरून हाक येते, ‘सोड!’ ती दोरीसाठी असते. पण पाऊस पडतोय, वारा आहे, एक पोरगा डीपीजवळ उभा आहे आणि त्याला फक्त ‘सोड’ एवढंच ऐकू आलं तर? त्याने हँडल मारलं तर? म्हणून त्यांच्या टोळीत कायदा होता : दोरीला ‘सोड’, लाईनीला ‘चार्ज कर’. आणि चार्ज करायला सांगायचं ते खांबावरून नाहीच, खाली उतरून, माणसं मोजून, समोर उभं राहून. नव्या पोराने एकदा मस्करीत ‘काका, लाईट सोडू?’ असं विचारलं, तर काकांनी त्याला दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसवून ठेवलं. मी तेव्हा गल्ल्यावर होते. पोरगा रडकुंडीला आला होता. काका चहा पाजत होते, पण कामाला घेत नव्हते.

हा कडकपणा मला तेव्हा अती वाटायचा. आता वाटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडून आमच्या जिल्ह्यात शिरलं. रोहा, माणगाव, म्हसळा, तळा, इकडे पेण-अलिबाग, सगळीकडे खांब आडवे. कितीतरी गावांना लाईट यायला आठवडेच्या आठवडे लागले. बाहेरच्या जिल्ह्यांतली पथकं मदतीला आली. त्यांची बोली वेगळी, जेवणाची चव वेगळी, पण ‘ताण’, ‘झोळ’, ‘झंपर’, ‘डीओ’ हे चार शब्द कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत. ज्याला कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हाकेवर दुसऱ्याने तार ओढली. भाषेचं कौतुक आपण साहित्य संमेलनात करतो. मला विचाराल तर ते त्या जून महिन्यात, चिखलात करायला हवं होतं.

त्या दिवसांत गावोगाव भाड्याचे जनरेटर आले. विहिरीवरचा पंप चालला पाहिजे, मोबाइल चार्ज झाले पाहिजेत, कुणाचं औषध फ्रीजमध्ये. सगळी कारणं खरी. पण जनरेटर घराला जोडायचा कसा? सोपा उपाय म्हणून दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. घर उजळतं. मेन स्विच बंद करायचा राहिला तर तीच वीज उलट्या पावलाने मीटरमधून बाहेर, तारेवरून डीपीत. आणि डीपीला दिशा कळत नाही. अकरा हजारांचं घरगुती दाबावर आणणारं ते यंत्र उलटीकडून आलं की घरगुती दाबाचे पुन्हा हजारो व्होल्ट करतं. त्या टोकाला, मेलेली म्हणून जाहीर झालेल्या लाईनीवर, एक माणूस झंपर बांधत असतो. याला ते ‘रिटर्न’ म्हणतात, ‘बॅक सप्लाय’ म्हणतात, आणि हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येतो. यासाठीच वर चढण्याआधी डिस्चार्ज रॉड लावायचा, तिन्ही तारा एकत्र करून जमिनीला जोडायच्या. ‘अर्थिंग टाकली का?’ हा प्रश्न आणि ‘टाकली’ हे उत्तर झाल्याशिवाय शहाणा लाईनमन तारेला हात लावत नाही. सबस्टेशनातून लाईन बंद केल्याचा निरोप आला, तरीही नाही. ‘बंद’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं. ‘टाकली’ म्हणजे आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं.

म्हणून, वाचकहो, घरी जनरेटर असेल किंवा मंडपासाठी, लग्नासाठी भाड्याने आणणार असाल, तर तो कुठे आणि कसा जोडलाय हे वायरमनला आधी विचारा. ‘चेंजओव्हर बसवलाय’ असं उत्तर आलं तर ठीक. जनरेटर चालू असताना घर बाहेरच्या लाईनीपासून तुटलेलं ठेवणारा तो स्विच आहे, आणि त्याची किंमत जनरेटरच्या काही दिवसांच्या भाड्याहून जास्त नाही. ‘साधा प्लगला लावलाय’ असं उत्तर आलं, तर जनरेटर तिथल्या तिथे बंद करा आणि चेंजओव्हर बसेपर्यंत मेणबत्तीवर भागवा.